सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांची बडतर्फी : सरकारी नोकराच्या दाद मागण्याच्या हक्काचा एक अध्याय

१

इंग्रजी अमदानीत ज्या हिंदी अधिकाऱ्यांना सरकारी नोकरीतून काढून टाकण्यात आले, त्यांत सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांचे नाव सर्वांत अधिक परिचयाचे आहे. तथापि त्यांच्या बडतर्फीचा उल्लेख बहुधा त्यांच्या पुढील राजकीय चरित्राची प्रस्तावना म्हणूनच केला जातो. १८७४ साली सनदी नोकरी गेली, १८७६ साली इंडियन असोसिएशन निघाली, आणि पुढे राष्ट्रसभेला एक थोर वक्ता लाभला, अशी ही कार्यकारणांची साखळी पाठ्यपुस्तकांतून रूढ झालेली आहे. तीत असत्य असे काही नाही. परंतु बडतर्फीचा विचार तिच्या परिणामांवरून केल्यामुळे त्या प्रकरणात अंतर्भूत असलेला मूळ प्रश्न दृष्टिआड होतो.

तो प्रश्न असा : आपल्याला झालेली शिक्षा केवळ आपल्या चुकीची नसून आपल्या वंशाचीही आहे, असे ज्या सरकारी नोकरास वाटते त्याने दाद कोठे मागावी, आणि तेथे नेमके काय सिद्ध करावे? सुरेंद्रनाथांच्या आयुष्यात हा प्रश्न थोडक्या वर्षांच्या अंतराने दोनदा उभा राहिला. १८६९ साली सनदी परीक्षेच्या यादीतून त्यांचे नाव कमी करण्यात आले, तेव्हा त्यांनी लंडनमध्ये दाद मागितली आणि ती त्यांना मिळाली. १८७४ साली ते बडतर्फ झाले, तेव्हाही त्यांनी लंडनमध्येच दाद मागितली. ती मिळाली नाही. मनुष्य तोच, नगर तेच, आणि विरुद्ध बाजूस असलेली राजसत्ताही तीच. असे असता निकालात एवढे अंतर का पडले, याचे उत्तर दोन्ही वेळच्या पुराव्याच्या बळाबळात पुरतेपणी सापडत नाही. ते दाद मागण्याच्या स्थानात शोधावे लागते. या दोन प्रसंगांची तुलना करणे आणि पुढील काळातील सेवाविषयक कायद्याशी त्यांचा संबंध दाखविणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

हिंदी लोकांना सरकारी अधिकारपदे खुली असल्याचे वचन जुने होते. १८३३ च्या सनदी कायद्याच्या ८७ व्या कलमाने असे ठरविले होते की, केवळ धर्म, जन्मस्थान, कुळ अथवा वर्ण यांच्या कारणाने कोणाही एतद्देशीयास कंपनीच्या नोकरीस अपात्र समजू नये. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात याच आशयाचा पुनरुच्चार झाला. या कलमातील ‘केवळ’ हा शब्द ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कोणताही वरिष्ठ अधिकारी हाताखालील मनुष्यास दूर करताना त्याचा वर्ण हे कारण म्हणून लेखी नमूद करीत नाही. दुसरे कोणतेही कारण कागदावर असले की ‘केवळ’ या शब्दाची अट सुटते. शिवाय हे वचन मोडल्यास कोणापुढे जावे, याविषयी कलम मौन पाळते. वचन होते; त्याच्या अंमलबजावणीची वाट मात्र आखलेली नव्हती.

१८५५ पासून सनदी नोकरीसाठी लंडनला चढाओढीची परीक्षा होऊ लागली. १८६३ साली सत्येंद्रनाथ टागोर हे तीत उत्तीर्ण होणारे पहिले हिंदी गृहस्थ ठरले. १८६९ साली एकदम चौघे उत्तीर्ण झाले : रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबई इलाख्यातील श्रीपाद बाबाजी ठाकूर. यांपैकी सुरेंद्रनाथ व ठाकूर यांच्या वयाविषयी सनदी सेवा आयोगाने शंका काढली व त्यांची नावे यादीतून वगळली.

शंकेचे मूळ कालगणनेत होते. सुरेंद्रनाथांचा जन्म १० नोव्हेंबर १८४८ चा. डिसेंबर १८६३ मधील कलकत्ता विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेच्या वेळी त्यांचे वय १६ असे नोंदविले गेले होते. इंग्रजी पद्धतीने याचा अर्थ १६ वर्षे पूर्ण झाली असा होतो, आणि तसे धरल्यास १८६९ साली ते २१ वर्षांच्या कमाल मर्यादेपलीकडे जात होते. परंतु त्यांचे म्हणणे असे की, हिंदू लोक चालू वर्ष मोजतात. १५ पूर्ण होऊन सोळावे लागले, की मुलाचे वय १६ सांगण्याची रीत आहे. महाराष्ट्रातही ‘अमुकास सोळावे लागले’ असेच म्हणत, हे सांगावयास नकोच. हा खुलासा आयोगाने मान्य केला नाही.

तेव्हा सुरेंद्रनाथांनी क्वीन्स बेंच न्यायालयाकडे परमादेशासाठी अर्ज केला. वयोगणनेच्या हिंदू रीतीविषयी बंगालमधील प्रतिष्ठित गृहस्थांची प्रतिज्ञालेखे मागवून घेण्यात आली. न्यायालयाने आयोगास कारण दाखविण्याचा हुकूम केला, आणि अखेर दोघांचीही नावे यादीत परत आली. १८७१ साली अंतिम परीक्षा देऊन सुरेंद्रनाथ स्वदेशी परतले.

या यशाची कारणे पाहिली असता तीन गोष्टी दिसून येतात. पहिली, वादाचा मुद्दा एका लिखित नियमाशी बांधलेला होता. वय २१ च्या आत आहे की नाही, एवढेच पाहावयाचे होते. दुसरी, निर्णय करणारे न्यायालय आयोगाहून वेगळे होते. तिसरी, आयोगास आपल्या कृतीचे कारण उघडपणे सांगणे भाग पडले. आयोगाच्या मनात हिंदी उमेदवारांविषयी आकस होता की नव्हता, हे सिद्ध करण्याची गरजच पडली नाही. आपले वय नियमात बसते एवढे दाखविणे अर्जदारास पुरेसे होते.

३

नोव्हेंबर १८७१ मध्ये सुरेंद्रनाथ सिल्हेट येथे असिस्टंट मॅजिस्ट्रेट म्हणून रुजू झाले. सिल्हेट जिल्हा तेव्हा बंगाल प्रांतात मोडत असे. १८७४ साली तो आसामात गेला. जिल्ह्याचे मुख्य सदरलंड नावाचे अधिकारी होते. आरंभी त्यांचे व सुरेंद्रनाथांचे संबंध सलोख्याचे होते. पुढे खात्याची परीक्षा लवकर उत्तीर्ण झाल्यामुळे सुरेंद्रनाथांना नोकरीत आपल्याहून जुन्या असलेल्या एका इंग्रज सहकाऱ्याच्या आधी वरच्या दर्जाचे फौजदारी अधिकार मिळाले. वरिष्ठांची मर्जी तेव्हापासून फिरली, असे त्यांनी आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे.

ज्या खटल्यावरून त्यांची नोकरी गेली तो एका नावेच्या चोरीचा होता. आरोपीचे नाव युधिष्ठिर. हा खटला बरेच दिवस तुंबून राहिला होता. आरोपी हजर असताही खटल्याची नोंद फरारी आरोपींच्या यादीत करण्याचा हुकूम निघाला, व त्यावर सुरेंद्रनाथांची सही होती. तुंबलेल्या कामाचा हिशेब वरिष्ठांस कमी दिसावा म्हणून ही खोटी नोंद जाणूनबुजून केली गेली, आणि खुलासा मागितला असता त्यांनी असत्य कथन केले, असा त्यांच्यावर मुख्य आरोप होता. सुरेंद्रनाथांचे उत्तर असे की, कचेरीतील अमल्याने इतर अनेक कागदांबरोबर तो हुकूम सहीसाठी पुढे ठेवला व तो न वाचताच त्यांच्याकडून सही झाली. जिल्ह्याच्या कचेरीत कागदांचे गठ्ठे कसे सहीला येत, हे ज्यास ठाऊक आहे त्याला हे उत्तर अशक्य वाटणार नाही. तथापि न वाचता सही करणे हा न्यायाधिकाऱ्याच्या बाबतीत लहान दोष नव्हे, हेही मान्य केले पाहिजे.

सरकारी अधिकाऱ्यांच्या वर्तनाच्या चौकशीची रीत १८५० च्या ३७ व्या कायद्याने घालून दिलेली होती. तीत आरोप लेखी द्यावे लागत, आरोपीस पुरावा देता येई व साक्षीदारांची उलटतपासणी घेता येई. म्हणजे चौकशीचे बाह्य स्वरूप पुष्कळसे न्यायालयासारखे होते. परंतु चौकशी मंडळ नेमणारे सरकार, आरोप ठेवणारे सरकार, आणि अहवाल हाती आल्यावर शिक्षा ठरविणारेही सरकारच. सुरेंद्रनाथांच्या चौकशीसाठी नेमलेले मंडळ युरोपियन अधिकाऱ्यांचे होते. चौकशी कलकत्त्यास व्हावी ही त्यांची विनंती नाकारली गेली, व ती सिल्हेटलाच झाली. मंडळाचा अहवाल प्रतिकूल गेला. बंगाल सरकारने बडतर्फीची शिफारस केली, हिंदुस्थान सरकारने ती उचलून धरली, व भारतमंत्र्यांच्या मंजुरीने १८७४ साली ते नोकरीतून दूर झाले. दयेखातर दरमहा ५० रुपये त्यांना मंजूर करण्यात आले.

४

मार्च १८७४ मध्ये सुरेंद्रनाथ पुन्हा विलायतेस निघाले. इंडिया ऑफिसपुढे आपली बाजू मांडावी, हा उद्देश. पहिल्या वेळचा अनुभव गाठीशी होता. इंग्लंडात न्याय मिळतो हा विश्वास होता. परंतु या वेळी त्यांच्यापुढे क्वीन्स बेंच नव्हते. सनदी नोकर राजाच्या मर्जीपर्यंत नोकरीत राहतो, हे इंग्रजी कायद्याचे तत्त्व होते. बडतर्फी गैर आहे म्हणून राजाविरुद्ध न्यायालयात जाण्याची सोय त्यात नव्हती. उरला तो अर्जाचा मार्ग, आणि अर्ज करावयाचा तो ज्या कचेरीने बडतर्फीला मान्यता दिली होती तिच्याचकडे. अर्ज फेटाळला गेला.

यानंतर त्यांनी बॅरिस्टर होण्याचा यत्न केला. मिडल टेंपल या संस्थेने बडतर्फीचेच कारण सांगून त्यांना वकिलीची सनद देण्याचे नाकारले. येथे एका बाबीकडे लक्ष जाते. शिक्षेचा निर्णय शासकीय होता, न्यायालयीन नव्हता; तरी त्याचे फळ मात्र फौजदारी दोषसिद्धीहून कमी झाले नाही. नोकरीबरोबर स्वतंत्र व्यवसायाचे दारही बंद झाले. जून १८७५ मध्ये ते मायदेशी परतले, आणि ईश्वरचंद्र विद्यासागरांनी आपल्या मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांना इंग्रजीचे अध्यापक नेमले.

५

सुरेंद्रनाथांना हिंदी म्हणून बडतर्फ केले गेले काय? या प्रश्नाचे उत्तर देताना साधनांची छाननी अवश्य आहे. सदरलंड यांच्या आकसाविषयीची माहिती मुख्यतः सुरेंद्रनाथांच्या आत्मचरित्रातून येते, आणि ते १९२५ साली, म्हणजे घटनेनंतर सुमारे ५० वर्षांनी प्रसिद्ध झाले. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचीच ती साक्ष आहे. तिच्यावरून वरिष्ठांच्या अंतःकरणाचा निर्णय करणे इतिहासाच्या शिस्तीस धरून होणार नाही.

परंतु आकस सिद्ध न झाल्याने भेदभाव नव्हता असेही ठरत नाही. भेदभाव मनात शोधण्यापेक्षा वागणुकीत शोधणे अधिक सुकर असते. आणि वागणुकीतील भेद तुलनेवाचून दिसत नाही. तुलनेसाठी एक प्रसिद्ध उदाहरण जवळच्याच काळातले आहे. आग्रा येथील फुलर नावाच्या युरोपियन वकिलाने १८७५ साली आपल्या मोतद्दारास मारले, व तो मनुष्य मरण पावला. जॉइंट मॅजिस्ट्रेट लीड्स यांनी फुलरला अवघा ३० रुपये दंड केला. १८७६ साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी या प्रकरणावर कडक शब्दांत ठपका ठेवला. लीड्स यांच्या न्यायबुद्धीत मोठी उणीव दिसून आली, असे सरकारने लेखी म्हटले. आणि शिक्षा? तीव्र समज, व निदान एक वर्षपर्यंत जिल्ह्याचा स्वतंत्र कारभार न सोपविण्याचा हुकूम. एवढ्या सौम्य शिक्षेवरही अँग्लो-इंडियन वृत्तपत्रांनी मोठे काहूर उठविले.

ही तुलना सर्वांशी जुळणारी नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. लीड्स यांचा दोष विवेकाचा ठरला. सुरेंद्रनाथांचा दोष सरकारने अप्रामाणिकपणाचा ठरविला. दोहोंची प्रतवारी भिन्न. पण विचार केला असता खरी मेख येथेच आहे. एका अधिकाऱ्याची चूक ‘विवेकाची उणीव’ म्हणावयाची की ‘अप्रामाणिकपणा’, हे ठरविणे म्हणजेच शिक्षा ठरविणे होय. न वाचता केलेली सही हा हलगर्जीपणा की कपट, हा निर्णय अधिकाऱ्याच्या शीलाविषयी आधीपासून बाळगलेल्या समजुतीवर बराचसा अवलंबून असतो. त्या काळच्या राज्यकर्त्या वर्गात हिंदी मनुष्याच्या सत्यनिष्ठेविषयी कोणती समजूत प्रचलित होती, हे अनेक सरकारी लेखांवरून सुविदित आहे. सनदी नोकरीतील हिंदी अधिकारी तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. म्हणून, चूक घडली हे खरे, आणि चुकीचे नामकरण करताना वंशाचा विचार आत शिरला असणे संभवनीय, ही दोन्ही विधाने एकाच वेळी करता येतात. सुरेंद्रनाथांची अडचण ही की, दुसरे विधान ज्या कागदांच्या तुलनेने तपासता आले असते ते कागद सरकारच्या दप्तरात होते, आणि ते मागविण्याचा अधिकार असलेले कोणतेही न्यायासन त्यांना उपलब्ध नव्हते.

६

दाद मागण्याच्या स्थानाचा हाच प्रश्न १८८८-८९ मध्ये महाराष्ट्रात वेगळ्या रूपाने पुढे आला. आर्थर क्रॉफर्ड हे मुंबई इलाख्याच्या मध्य भागाचे कमिशनर. बढत्या-बदल्यांसाठी ते मामलेदारांकडून पैसे घेतात, असा आरोप होता. पुरावा मिळावा म्हणून लाच दिल्याचे कबूल करणाऱ्या मामलेदारांना सरकारने अभय दिले. चौकशी मंडळाने क्रॉफर्ड यांना लाचलुचपतीच्या आरोपातून मुक्त केले; नियमबाह्य कर्जव्यवहाराचा दोष तेवढा शाबीत धरला. पुढे नियमावर बोट ठेवून आणि लोकमताचा रेटा पाहून, अभय देऊन साक्षीस आणलेल्या मामलेदारांपैकी काहींना पदच्युत करण्यात आले. टिळकांनी पुण्यात या मामलेदारांचा पक्ष घेतला, आणि विलायतेत पार्लमेंटपर्यंत प्रश्न नेण्याची खटपट झाली.

या मामलेदारांची नैतिक बाजू सुरेंद्रनाथांच्या बाजूहून दुबळी होती. लाच दिल्याचे त्यांनी स्वतःच कबूल केले होते. असे असूनही त्यांच्या वतीने लोकमत उभे राहिले, कारण त्यांच्या हाती सरकारचे एक वचन होते. वाद नियमाशी अथवा वचनाशी बांधता आला की दुर्बल पक्षासही उभे राहण्यास जागा मिळते. नुसत्या मर्जीपुढे ती मिळत नाही. मात्र सभा आणि पार्लमेंट ही राजकीय दाद होती. ती एखाद्या गाजलेल्या प्रकरणास उपयोगी पडेल. तालुक्याच्या कचेरीतील अप्रसिद्ध कारकुनास तिचा लाभ होणे नव्हते.

७

न्यायालयीन दाद मिळण्यास आणखी अर्धशतक लागले, आणि तीही टप्प्याटप्प्याने आली. १९१९ च्या सुधारणांबरोबर आलेल्या ९६ ब कलमाने राजाच्या मर्जीचे तत्त्व कायम ठेवले. पण नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्याहून खालच्या अधिकाऱ्यास बडतर्फीचा अधिकार राहणार नाही, असे ठरविले. १९३७ साली प्रिव्ही कौन्सिलने दोन निकाल दिले. रंगाचारी यांच्या प्रकरणात, खालच्या अधिकाऱ्याने केलेली बडतर्फी निरर्थक ठरली. वेंकटराव यांच्या प्रकरणात मात्र, चौकशीचे नियम पाळले नाहीत एवढ्यावरून नोकरास न्यायालयात दावा लावता येणार नाही, असे सांगण्यात आले. कायद्याच्या कलमात असेल ते न्यायालय पाहील. नियमावलीत असेल त्याबद्दल सरकारकडेच जावे, असा याचा इत्यर्थ.

१९३५ च्या कायद्याच्या २४० व्या कलमाने हीच उणीव काही अंशी भरून काढली. योजलेल्या कारवाईविरुद्ध कारण दाखविण्याची वाजवी संधी दिल्यावाचून कोणास बडतर्फ करू नये, हे कलमातच आले. याच कायद्याच्या २९८ व्या कलमात १८३३ च्या वचनाचा वारसाही दिसतो. १९४० साली बडतर्फ झालेल्या आय. एम. लाल या सनदी अधिकाऱ्याच्या दाव्यात १९४८ साली प्रिव्ही कौन्सिलने बडतर्फी बेकायदा ठरविली. शिक्षेविरुद्ध कारण दाखविण्याची वाजवी संधी त्यांना मिळाली नव्हती. सुरेंद्रनाथांना १८७४ साली जे स्थान लाभले नाही, ते ७४ वर्षांनी त्याच सेवेतील एका अधिकाऱ्यास लाभले. तरीही थकलेला पगार त्यांना देवविण्यात आला नाही.

भारताच्या संविधानाने हे दोन प्रवाह एकत्र आणले. ३१० व्या अनुच्छेदात मर्जीचे तत्त्व आहे, व ३११ व्या अनुच्छेदात त्यावरील बंधने आहेत. १६ व्या अनुच्छेदात सरकारी नोकरीतील भेदभावास मनाई आहे. तीत धर्म, वंश, जात, लिंग, कुळ, जन्मस्थान व निवास यांचा निर्देश आहे. १८३३ च्या वचनातील ‘केवळ’ हा शब्द तेथेही कायम आहे. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की ३२ व २२६ या अनुच्छेदांमुळे या वचनाच्या मागे न्यायालय उभे राहिले. १९८५ च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्याने सेवाविषयक तक्रारींसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणांची सोय झाली. या वाटचालीत मागे पाऊलही पडले : शिक्षा ठरविताना दुसऱ्यांदा बाजू मांडण्याची जी संधी लाल यांच्या निकालाने महत्त्वाची ठरविली होती, ती १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने काढून टाकण्यात आली.

सुरेंद्रनाथांच्या प्रकरणाशी अगदी निकटचा असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ओमकुमार प्रकरणात २००० साली दिला. शिक्षा केवळ अवाजवी आहे अशी तक्रार असेल तर न्यायालयाची दृष्टी मर्यादित राहील. परंतु शिक्षा देताना भेदभाव झाला अशी तक्रार असेल तर शिक्षेचे प्रमाण न्यायालय स्वतः तपासून पाहील, असा भेद त्यात करण्यात आला. दोष खरा असला तरी शिक्षा भेदमूलक असू शकते, ही गोष्ट यामुळे कायद्याच्या भाषेत आली.

८

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, १८६९ चे यश आणि १८७४ चे अपयश यांतील अंतर हे मुख्यतः नियम व मर्जी यांतील अंतर होते. भेदभावाविरुद्धचे वचन १८३३ पासून कागदावर होते. पण तुलना करण्याची, कारणे मागण्याची आणि दप्तर उघडण्याची सत्ता असलेले त्रयस्थ न्यायासन जोवर नव्हते, तोवर त्या वचनाचा उपयोग अर्जातील एका वाक्यापलीकडे नव्हता. सुरेंद्रनाथांनी ते न्यायासन मिळत नाही असे पाहून लोकांपुढे गाऱ्हाणे नेले. सनदी परीक्षेची वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणण्याविरुद्ध १८७७ पासून त्यांनी जे दौरे केले, त्यांत ते मुंबई व पुण्यासही आले होते. १८९५ च्या पुण्याच्या राष्ट्रसभेचे ते अध्यक्ष झाले. आणि ज्या बंगाल सरकारने त्यांच्या बडतर्फीची शिफारस केली होती, त्याच प्रांताच्या सरकारात १९२१ साली ते मंत्री झाले. तथापि हा त्यांच्या कर्तृत्वाचा विजय होता. १८७४ च्या निर्णयाचा फेरविचार त्यामुळे झाला असे नव्हे.

या विषयाच्या पुढील अभ्यासास एक दिशा सुचविण्याजोगी आहे. आजवर बडतर्फ झालेल्या हिंदी अधिकाऱ्यांची प्रकरणे तेवढी पाहिली गेली. भेदभावाचा खरा पुरावा त्यांच्या कागदांत कमी, आणि तशाच चुका करूनही नोकरीत राहिलेल्या अधिकाऱ्यांच्या कागदांत अधिक मिळण्याचा संभव आहे. मुंबई आणि कलकत्ता येथील दप्तरखान्यांतून १८६० ते १९०० या काळातील खात्यांतर्गत शिक्षांची, त्यांत समज, बदली, पदावनती व बडतर्फी या सर्वांची, दोषाच्या प्रकारानुसार व अधिकाऱ्याच्या वंशानुसार मांडणी केल्यास, सुरेंद्रनाथांना जी तुलना करू दिली गेली नाही ती इतिहासाला करता येईल.